पट्नमहून आलेला फोन

उदगीरच्या पलीकडे, आमच्या गावात मी टेलिफोन ऑपरेटर होते. ट्रंक कॉल जोडून द्यायचे आणि तीन मिनिटं झाली की सांगायचं, एवढंच काम. पण मिजास कलेक्टरची. हैदराबाद मागणाऱ्याचं कूळ मला एका शब्दात कळायचं. म्हातारे वाणी 'भागानगर' म्हणत, मुसलमान व्यापारी 'बलदा', आणि तेलंगणाच्या शिवेवरून मजुरीला जाणारे 'पट्नम'. राजधानी मुंबई, हे शाळेच्या पुस्तकात. आमच्याकडचा माणूस अडला की अजून निजामाच्याच राजधानीची वाट धरायचा. त्या साली पावसाने पुन्हा दगा दिला होता आणि पट्नमचे कॉल फार वाढले होते.

माझा नवरा मात्र तिकडे गेला नव्हता. दुष्काळात सासऱ्यांचं किराणा दुकान बसलं, तेव्हा तो लातूरला गेला. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. नव्या कचेरीत टेम्पररी चिकटलो, असं त्याने सांगितलं. मी ते गावभर मिरवलं. टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभी असतानासुद्धा मिरवलं.

त्या आठवड्यात माझी पाळी सकाळची होती. संध्याकाळच्या बाईंच्या घरी पाहुणे आले, म्हणून मी त्यांच्या जागी बसले. हैदराबादची ऑपरेटर म्हणाली, पीपी कॉल आहे, आणि तिने माझ्या सासऱ्यांचं नाव घेतलं. पीपी म्हणजे त्याच माणसाला बोलावून द्यायचं. फोन आमच्या घराशेजारच्या आडत दुकानात होता. सासरे इतक्या लवकर आले, की ते वाटच बघत असावेत. जोडून बाजूला व्हायचं, हा नियम. पण तिकडून आवाज आला, "अप्पा," आणि मी लाईनवरच राहिले. माझ्या नवऱ्याचा आवाज होता तो.

"इतक्या उशिरा?" सासऱ्यांनी विचारलं.

"इथं पट्नमला दिवसभर फोनला हात लावू देत न्हाईत. मालक आत्ता बाहेर गेलाय."

भागानगर म्हणणाऱ्या घरातला मुलगा पट्नम म्हणाला.

"काम तेच?"

"तेच. ताटं धुवायलोय. मटणाचं हॉटेल हाय, अप्पा. हाडं काढावी लागतात."

आम्ही लिंगायत. घरात कधी अंडं आलं नव्हतं. सासऱ्यांचा आवाज एकदम खाली गेला. "गळ्यात लिंग हाय न्हवं?"

"खोलीवर ठेवून जातो. तसल्या कामाला घालून कसं जाऊ?"

गळ्यातलं इष्टलिंग उतरवायचं नसतं, अंघोळीलाही नाही. आमच्यात माणूस पुरतात तोही त्याच्यासकट. लातूरची कचेरी खोटी निघाली, त्याचं मला काही वाटेनासं झालं. हा माणूस रोज एकटा खोलीत उभा राहून ते उतरवतो, आणि मला पत्ता नाही. मला स्वतःचा संताप आला.

"तिला सांगू नका," तो म्हणाला. "तिनं गावभर सांगून ठेवलंय."

तेवढ्यात वेळ संपला. बोलणं भाग होतं. "तीन मिनिटं झाली. वाढवायचं का?"

"वाढवा, बाई," माझा नवरा मला म्हणाला.

सासऱ्यांनी मात्र ओळखलं. "अरे, तुझी बायको हाय ती," ते म्हणाले.

मग मधे बोलायचं नाही, हा नियमही मी मोडला. "काढत जाऊ नका," मी म्हणाले. "घालूनच जात जा. गावाला काय सांगायचं ते मी बघते."

तिकडे कुणीतरी दरडावून हाक मारली.

"आया साब," माझा नवरा म्हणाला. त्याचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. त्याने फोन ठेवून दिला.