बाबांनी ग्राफिक्स कार्ड दाबून पाहिलं

दोन हजार पाच साल असावं. लोकांना त्यांची न बांधलेली घरं दाखवायचा धंदा मी रत्नागिरीत काढला होता. म्हणजे नकाशा घ्यायचा, कॉम्प्युटरवर घर उभं करायचं आणि गेटपासून मागच्या दारापर्यंत माणसाला पडद्यावर फिरवून आणायचं. पहिलं आणि तोवर एकमेव गिऱ्हाईक म्हणजे आमच्या गल्लीतले भाई. ते बोटीवर नोकरीला. पंधरा दिवसांनी त्यांना परत जायचं होतं आणि जायच्या आधी प्लॅन पक्का करून पाया खोदायला सांगायचं होतं. ते जमलं नाही तर काम पुढच्या सुट्टीवर जाणार आणि भाभी आणखी वर्षभर भाड्याच्या दोन खोल्यांत. इकडे माझा कॉम्प्युटर भाईंच्या घरात शिरायलाच तयार नव्हता. व्हरांड्यापर्यंत यायचा आणि गोठायचा.

पडद्यावर चित्र उभं करणारं ग्राफिक्स कार्ड बदलायला हवं होतं. कुठलं घ्यायचं ते मला पाठ होतं. एका मासिकात त्याच्यावर दोन पानं आली होती, आणि त्या कार्डावर म्हणे फरशीत खुर्चीचं प्रतिबिंबसुद्धा पडायचं. ती पानं मी इतक्या वेळा उघडली की आई म्हणाली, लग्नाच्या मुलीचा फोटोही कोणी इतका बघत नाही.

बाजारातल्या दुकानदाराने मुंबईला फोन लावला, थोडा वेळ हूं हूं केलं आणि फोन ठेवला.

"कंपनीने बंद केलं ते."

"बंद म्हणजे?"

"बंद म्हणजे बंद. हे नवीन घे. मॉडेलचा नंबर बघ, मोठा आहे."

नंबर मोठा असला तरी ताकद कमी आहे, हे मी त्याला पंधरा मिनिटं समजावलं. त्याने चहा मागवला. आमच्याकडे दुकानदाराने चहा मागवला की समजायचं, त्याचं ऐकून संपलं. मग त्याने एक तिसरं, मधलं कार्ड पुढे केलं. कालच आलेलं, साधं, कामापुरतं. मी तोंड वाकडं केलं आणि म्हणालो, मुंबईत कुणाकडे तरी जुना पीस पडलेला असेल, तो शोधा.

त्या शोधात आठ दिवस गेले. भाई रोज सकाळी कुंपणावरून विचारायचे, "काय रे, आमचं घर लोड झालं काय?" मी हसून मान हलवायचो आणि आत येऊन घाम पुसायचो.

नवव्या दिवशी तो पीस खाजगी बसने आला. आणायला निघालो तर बाबा म्हणाले, मीही येतो, तिथून पुढे मासे आणू. आता बाबांची मासे घ्यायची रीत सांगायला हवी. बंदरावर गेले की ते आधी 'आज ताजं काय?' विचारतात. मग कल्ले उघडून बघणार, अंगठ्याने दाबून बघणार. सुरमईसाठी गेलेला हा माणूस सुरमई शिळी दिसली तर गुपचूप बांगडे घेऊन येतो आणि चवीने खातो.

दुकानात त्यांनी माझं स्वप्नातलं कार्ड हातात घेतलं, चष्म्यावरून बघितलं आणि अंगठ्याने दाबलं.

"काका, दाबू नका!" दुकानदार ओरडला.

बाबांनी कार्डाच्या खालच्या कडेच्या सोनेरी दातांवरून नख फिरवलं. "हे हिरवं कसलं?"

कुठल्या तरी खाडीकाठच्या दुकानात त्या कार्डाने दोन पावसाळे काढले असावेत. खारा वारा मुरला होता. मी म्हणालो, खोडरबराने घासलं की जाईल.

"घासून ठेवलेली कोलंबी आपण घेतो काय?" बाबा म्हणाले आणि दुकानदाराकडे वळले. "आज ताजं काय?"

दुकानदारही रत्नागिरीचाच. त्याने डोळ्याची पापणी न हलवता ते मधलं कार्ड काउंटरवर ठेवलं. बाबांनी ते उलटंसुलटं केलं आणि पिशवीत टाकायला निघाले.

"पण ह्याच्यावर फरशीत प्रतिबिंब नीट पडत नाही!" मी म्हणालो.

"भाई फरशीत तोंड बघायला घर बांधतायत काय?"

मला भयंकर राग आला. येताना रिक्षात मी बांगड्यांच्या पिशवीशेजारी तोंड फुगवून बसलो.

जायच्या दोन दिवस आधी भाई आणि भाभी आले. फरशी थोडी मंद दिसेल, अशी मी आधीच माफी मागून ठेवली. ती कोणी ऐकलीच नाही. गेट, व्हरांडा, हॉल, जिना. कुठेही अडकलं नाही. भाई खूश होते. स्वयंपाकघरात आल्यावर भाभी पहिल्यांदा बोलल्या.

"इथनं गेट दिसतं काय?"

मी वळवून दाखवलं. समोर कोरी भिंत. नकाशात तिथे खिडकी नव्हती आणि मला ती सुचलीही नव्हती.

"गेट कशाला, भाभी?"

"हे कधी सांगून येतात काय? बोट आधी लागते, फोन लागत नाय. मी आपली चुलीपाशी, आणि हे दारात उभे. मला आधी दिसायला हवेत."

भाई खाली बघायला लागले. मला माझी लाज वाटली. आठ दिवस मी फरशीच्या चकाकीपायी घालवले होते, आणि ह्या बाईला हवी होती एक खिडकी.

मी तिथल्या तिथे पडद्यावरची भिंत फोडली. नवीन कार्डाने जरा वेळ घेतला. आधी खिडकीची चौकट आली, मग अंगण, मग गेट. उंचीचा अंदाज यावा म्हणून गेटपाशी मी सॉफ्टवेअरमधला एक तयार माणूस उभा केलेला होता. सूट घातलेला, खिशात हात.

"ह्यांनी लग्नात पण सूट नव्हता घातला," भाभी म्हणाल्या आणि हसता हसता पदराने डोळे पुसायला लागल्या. मग पुन्हा एकदा गेटकडे बघून घेतलं आणि भाईंना म्हणाल्या, "हां, आता दिसता तुम्ही. उद्या पाया खोदायला सांगा."