शेकोटीला ये, पण तोंड पुसून

माईसाहेबांनी माझी हनुवटी धरली. डाव्या हातानं. लहान मुलाचा शेंबूड पुसताना धरतात तशी. उजव्या हातात ओला टिश्यू. आधी कपाळावरचं हळदीकुंकू पुसलं. मग टिकली काढली, ती टिश्यूलाच चिकटली. मग काजळ, मग ओठ. ओठांना वेळ लागला. लिपस्टिक बरी होती, चोवीस तास जात नाही अशी जाहिरात करतात त्यातली. माईसाहेबांनी जाहिरात खोटी पाडली.

"हलू नकोस," त्या म्हणाल्या.

मी हलले नाही. समोर बेतवा वाहत होती, मागे ओळीनं तंबू, आणि मध्ये सतरंजीवर आमच्या मराठी महिला मंडळाच्या वीसेक बायका. सगळ्या बघत होत्या. एकीच्या तोंडात तिळगुळाचा लाडू होता. तिनं तो चावणंही थांबवलं होतं.

आता सुरुवातीपासून सांगते. सांगणं हा माझा धंदाच आहे म्हणा ना. झाशीत मराठी माणसं मूठभर. काही घराणी पिढ्यान्‌पिढ्यांची, कारभारी आणि भटजी म्हणून आलेली. त्यांच्या घरात अजून असे शब्द आहेत, जे माझ्या माहेरी सांगलीलाही आता कुणी वापरत नाही. आणि दुसरे आम्ही, नवऱ्यांच्या नोकऱ्यांमागून आलेले. मंडळ चालवणाऱ्या माईसाहेब पहिल्यांतल्या, मी दुसऱ्यांतली. पण गणपतीत माईक माझ्या हातात. नाटकात विनोदी काम माझं. माईसाहेबांची नक्कल मी माईसाहेबांच्या समोर करायचे आणि त्या हसून हसून डोळे टिपायच्या. लाल लिपस्टिक, मोठी टिकली, जाड काजळ. मी आले की लांबून कळायचं.

नवरा गेला त्याला दोन वर्षं होत आली. पहिल्या संक्रांतीला कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही. मी वाटही बघत नव्हते, असं सगळ्यांना सांगितलं.

यंदा मंडळात टूम निघाली की हळदीकुंकू घरात नको, नदीकाठी करू. तंबूत एक रात्र मुक्काम, शेकोटी, सकाळी काठानं फिरणं. व्हॉट्सॲपवर आठ दिवस एकच चर्चा. तंबूत जाताना मेकअप करायचा की नाही? एक म्हणाली, कातडीला जरा श्वास घेऊ द्या. दुसरी म्हणाली, फोटोत भूत दिसायचं नाहीये मला. काळ्या साडीऐवजी काळे ट्रॅकसूट ठरले, वर नथ. काजळ पाण्यानं न पसरणारं हवं यावर दोघींचं जवळजवळ भांडण झालं. मी सगळं वाचत होते, एकटी हसत होते. मला कुणी विचारलं नाही. माझ्याबाबतीत तो प्रश्नच नव्हता.

मग माईसाहेबांचा फोन आला. "तू ये हो. शेकोटीला तुझ्याशिवाय कोण हसवणार?"

मला वाटलं, बोलावणं आलं. खरं म्हणजे करमणुकीची सोय झाली होती. पण ते तेव्हा कळलं नाही. तेव्हा मी स्वयंपाकघरात एक गिरकी घेतली, खोटं कशाला बोलू.

निघायच्या दिवशी सकाळी आरशासमोर उभी राहिले. दोन वर्षं तोंडाला पावडरसुद्धा लावली नव्हती. बंदी कुणी घातली नव्हती. कुणी घालत नाही. हात ड्रॉवरपाशी जायचा आणि आपोआप मागे यायचा. त्या दिवशी मात्र तो मागे आला नाही. काजळ घातलं. टिकली लावली. लिपस्टिक लावली, पुसली, पुन्हा लावली. मुलगा दारात उभा होता. मी मराठीत बोलते, तो हिंदीत उत्तर देतो, आमचं असंच चालतं.

"जास्त झालं का रे?"

"नहीं मम्मी. अच्छी लग रही हो. रहने दो."

मग पर्स घेतली, चपला घातल्या आणि दाराशी उभी राहिले. नुसतीच उभी. माझं आवरेपर्यंत नवरा खाली स्कूटरवर बसून हॉर्न वाजवायचा. सगळ्या कॉलनीला कळायचं की मी लिपस्टिक लावतेय. मी त्या हॉर्नची वाट बघत होते. मुलगा म्हणाला, "मम्मी, चलें?" तेव्हा भानावर आले.

मंडळाच्या गाडीत शुभा शेजारी बसली. शुभा माझी मैत्रीण. लग्न होऊन इथे आले तेव्हापासूनची. मला बघून तिनं माझा दंड दाबला. "किती दिवसांनी तू तुझ्यासारखी दिसतेयस गं!" मग माझ्या पर्समध्ये हात घालून माझी लिपस्टिक काढली आणि हलत्या गाडीत स्वतःच्या ओठांवर फिरवली. थोडी हनुवटीवर गेली. आम्ही दोघी इतक्या हसलो की ड्रायव्हरनं मागे वळून बघितलं.

दुपारी हळदीकुंकू झालं. मी आपणहून सतरंजीच्या टोकाला बसले, वाणाच्या वाट्या हाताशी द्यायला. पाळायचं ते मी पाळत होते. करंडा पूनमच्या हातात होता. पूनम म्हणजे माईसाहेबांची धाकटी सून. माहेर बबीनाचं, घरात हिंदी, लग्न होऊन चारच महिने. तिला सांगितलं होतं, एका टोकापासून सगळ्यांना लाव. ती लावत आली. वाकत, हसत, प्रत्येकीला नमस्कार करत. माझ्यापाशी आली.

"अरे चाची, आप तो छूट ही जातीं!"

आणि तिनं लावलं. आधी हळद, मग कुंकू.

मी डोळे मिटले. तिचं बोट गार होतं. कुंकवाचा एक कण नाकावर पडला. तेवढाच वेळ. त्या तेवढ्या वेळात मी कुठं होते, ते मी कुणाला सांगणार नाही.

"पूनम! तिला नाही!"

पूनमच्या हातातला करंडा कलंडला. माईसाहेब उठून आल्या. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. अगदी समजूतदार आवाजात मला म्हणाल्या, "तिची चूक नाही. तूच असं तोंड रंगवून बसलीस, तर नव्या पोरीला कळायचं कसं?" मग मागे वळून, "कुणाकडे ओला टिश्यू आहे का गं?"

वीस पर्सेस. सगळीकडे असणार. कुणी हलेना. मग एका पर्सची चेन उघडल्याचा आवाज आला. शुभाची. तिनं टिश्यू पुढे केला. माझ्याकडे बघितलं नाही. तिच्या ओठांवर माझीच लिपस्टिक होती.

पुढचं तुम्हाला सांगितलंच.

पुसून झाल्यावर माईसाहेबांनी मला पाठीवर थोपटलं. कार्यक्रम पुढे सुरू झाला. मी पाण्याच्या काठाला जाऊन एका दगडावर बसले. ओठ चुरचुरत होते. डोक्यात एकच वाक्य फिरत होतं. कळायचं कसं.

म्हणजे माझा चेहरा माझा नव्हता. ती पाटी होती. विजेच्या डीपीवर कवटी रंगवलेली असते ना, खतरा, दूर राहा, तशी. फरक इतकाच की मला ती रंगवायची नव्हती, कोरी ठेवायची होती. सगळ्यांना लांबून कळावं म्हणून. मी दोन वर्षं ती पाटी घालून सदर बाजारात भाजी घेत होते, बँकेत रांगेत उभी राहत होते. मला वाटत होतं, मी दुःखात आहे. मी ड्यूटीवर होते.

आणि त्या बायका? कोणत्या मोठेपणावर सतरंजीवर बसल्या होत्या? त्यांचं कर्तृत्व काय, तर झाशीत कुठल्यातरी घरात एक माणूस जिवंत होता आणि 'माझा चष्मा कुठे ठेवलायस' म्हणून फोन करत होता. त्या माणसाचं हृदय धडधडतंय, याचं बक्षीस यांच्या कपाळावर.

माझ्या माणसाचं थांबलं. आम्ही एका लग्नाला निघालो होतो. त्याला घाम फुटला, छातीत दुखायला लागलं. ऑटोत त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी रडत होते. तो वर बघून म्हणाला, "रडू नकोस, काजळ पसरेल." त्यानंतर तो बोलला नाही.

त्या माणसाच्या नावानं माझं काजळ पुसतात.

दिवस मावळताना शेकोटी पेटली. थंडी वाढली होती. शाली, चहाचे कागदी पेले, भाजलेले हरभरे. गाणी झाली. मग सुरू झालं. "चला, आता नक्कल! नक्कल होऊ दे!" टाळ्या. माईसाहेबही टाळ्या वाजवत होत्या. "माझी कर हो," म्हणाल्या, "पण फार वाकडी चाल दाखवू नकोस."

मी उठले. पर्समधून लिपस्टिक काढली. आरसा लागला नाही. इतकी वर्षं लावलीय, हाताला रस्ता पाठ आहे. खालचा ओठ, वरचा ओठ. सावकाश. बायका हसायला लागल्या. त्यांना वाटलं, नक्कल सुरू झाली. मी हसणं थांबेपर्यंत थांबले. ते थांबायला किती वेळ लागतो ते नटीलाच माहीत.

मग म्हटलं, "माईसाहेब, ही नक्कल नाही. तुम्हाला माझा आवाज हवाय. तो या तोंडातून येतो. हे तोंड नको असेल तर आवाजही नाही."

"अगं, तुझ्या भल्यासाठीच केलं मी. लोक नावं ठेवतात."

"लोक कोण? इथे तर आपणच आहोत."

माईसाहेब म्हणाल्या, "बस खाली." त्या आवाजात आता समजूतदारपणा नव्हता. तो गेलेला बघून मला बरं वाटलं.

मी बसले नाही. मुलाला फोन केला, तंबूत जाऊन बॅग भरली. पूनम मागून धावत आली, बॅग माझ्या हातातून ओढून घेतली आणि रस्त्यापर्यंत घेऊन आली. पोरगी रडत होती.

"चाची, गलती मेरी थी."

"नहीं बेटा. वहाँ एक तू ही सही थी."

त्याच आठवड्यात शुभा घरी आली. हातात तिळगूळ आणि वाणाची वाटी. माझ्यासाठी ठेवलेली. दारातच तिला रडू फुटलं. "मी काय करणार होते गं? माईसाहेबांसमोर? सगळ्यांसमोर?"

हिच्याइतकं मनापासून हसणारं माणूस मला या गावात दुसरं मिळायचं नाही. नवरा गेला तेव्हा तेरा दिवस ही माझ्याजवळ झोपली होती. मला ती हवी होती. आत्ताही हवी आहे.

म्हटलं, "शुभा, एक दिवस तुझीही वेळ येईल. येऊ नये असं मला अगदी आतून वाटतं, पण येईल. त्या दिवशी जी कुणी तुझ्या तोंडाला हात लावायला येईल, तिला आधी मला ओलांडावं लागेल. मी दारात उभी राहीन. माईसाहेब असोत नाहीतर त्यांची सून. तेवढं मी तुझं देणं लागते. पण आज आत ये म्हणणार नाही."

"कधी म्हणशील?"

"ज्या दिवशी तू हे त्या सगळ्यांसमोर बोलशील. माझ्या दारात नाही. तिथे, सतरंजीवर."

ती जिना उतरून गेली.

मी दार लावलं. ती ते बोलेल की नाही, मला माहीत नाही. बहुतेक नाही बोलणार. मंडळाच्या गणपतीत यंदा मी नाही, पुढच्या वर्षीही नाही. माईक पडून राहू दे. मी रोज काजळ घालते. रोज रडते आणि रोज घालते.