समोरच्या खुर्चीतला चहा

आमचे सर नियतकालिकांकडून आलेले शोधनिबंध तपासायला बसले की काकू दोन कप चहा आणत. एक सरांना, दुसरा समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे. निबंधावर लेखकाचं नाव नसे, तरी तो माणूस त्या खुर्चीत बसलाय असं धरूनच सर शेरा लिहीत. सांगलीच्या कॉलेजातली आम्ही वनस्पतिशास्त्राची पोरं त्यांना पाठीमागे 'दोनकप सर' म्हणायचो.

"चहा पाजताना तोंडावर बोलता येतंय, तेवढंच लिवायचं गड्या," ते मला सांगत. "आन् पुरतं वाचल्याबिगर न्हाई." एकदा एक अगदीच टाकाऊ निबंध आला. सरांनी तो तीनदा वाचला आणि नकार कळवताना, काय केलं तर जमेल, ते दोन पानं भरून लिहिलं. मला हसू आलं. "हसतोस काय? दोन वर्सं घातली असतील त्यानं," म्हणाले.

पुढे मी साताऱ्यात प्राध्यापक झालो, शोधनिबंधांचा परीक्षक झालो आणि कडक म्हणून नाव कमावलं. कडक कसला, आळशी होतो. एका सकाळी माझाच निबंध नाकारून परत आला. त्याच दुपारी परीक्षेच्या वर्गावर बसल्या बसल्या मी मोबाइलवर महाबळेश्वरच्या शेवाळांवरचा कुणाचा तरी निबंध उघडला, पहिलं पान वाचलं आणि लिहून टाकलं, 'लेखकाला विषयाची प्राथमिक जाणही नाही. नाकारावा.' बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

दिवाळीत सरांकडे गेलो. फार थकले होते. जन्मभर त्यांनी द्राक्षांच्या रोगांवर काम केलं. निवृत्तीनंतर ते दर पावसाळ्यात महाबळेश्वरला शेवाळं गोळा करत हिंडतात, हे मला ठाऊकच नव्हतं. मी विचारलं तरी कधी होतं?

"नऊ पावसाळं हायत ह्यात," म्हणत त्यांनी कागद माझ्या हातात दिले. वर परीक्षकाचा शेरा टाचलेला. माझंच वाक्य.

"तूच सांग, खरंच मला कळत न्हाई काय रं?"

"तसं नाही सर. पुन्हा पाठवा."

"आता न्हाई व्हायचं. पर त्यो परीक्षकबी कशानं तरी गांजला असंल बघ."

माघात सर गेले. निबंध कपाटातच राहिला.

दिवाळीतल्या त्या दिवशी काकूंनी नेहमीसारखे दोन कप आणले होते आणि समोरच्या खुर्चीत मी बसलो होतो. मी चहा संपवला आणि चारची एसटी चुकेल म्हणून उठलो.