वीतभर शब्द

आज कपाटातल्या सामानाची यादी करताना कोरं कापड उलगडलं, खळीचा वास आला आणि मी अलगद बमरोलीतल्या आमच्या लहानपणीच्या खोलीत पोचले.

एकोणीसशे सत्तरच्या सुमाराची उन्हाळी दुपार. माझी सातवी संपली होती. आत्या म्हणाली, "भाऊ, पोर शिकीसन काय बालिष्टर व्हई? जरीकामले लाव."

बाबा मिलमध्ये कापड मापायचे. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी ताग्याच्या किनारीची छापील चिंधी पुढे ठेवली. तिच्यावर टी, आर, एन ही इंग्रजी अक्षरं होती. त्यांची अट अशी: तिन्ही असलेला शब्द पाटीवर लिहायचा. वीतभर भरला तर शाळा.

मागांचा आवाज दूरवरून लाटांसारखा येत होता. इंग्रजीचं पुस्तक चाळता चाळता 'इंटरनॅशनल' हा शब्द सापडला, पण पाटीवर चार बोटं कमी भरला. मी पुसला आणि ऐसपैस अक्षरांत पुन्हा लिहिला.

बाबांनी वीत ठेवली. बरोबर भरली. ते हसले. "हाऊ ताणेल शे, बेटा. ताणेल कपडा माले कयस." ताणलेलं कापड त्यांच्या हाताला लगेच कळायचं.

तेव्हा वाटलं, चोरी पकडली, शाळा गेली. आज वाटतं, मापायला त्यांनी शब्द घेतलाच नव्हता.

"मंग?" आत्याने विचारलं.

बाबांनी पाटी माझ्या हातात दिली. "इतलं ताणस ती शाळासाठे. जाऊ दे तिले."