कुलपातली पुस्तकं

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात एक काचेचं कपाट आहे. बालसाहित्याचा पुरस्कार मिळालेली आजवरची सगळी पुस्तकं त्यात उभी असतात. परवा गेले, तर सात-आठ वर्षांची एक मुलगी काचेला नाक टेकवून आत बघत होती. तिच्या श्वासाने काचेवर वाफेचा गोल उमटला होता.

"ती बक्षिसाची आहेत, बाळ. घरी द्यायची नसतात, खराब होतात," ग्रंथपाल सुमनताई तिला समजावत होत्या.

त्या रांगेत माझंही पुस्तक होतं. अगदी कोरं करकरीत. खालच्या उघड्या फळीवर मात्र बिनबक्षिसाची पुस्तकं दाटीवाटीने पडली होती. पानं सुटलेली, दाभणाने शिवलेली. एका राजकन्येला कुणीतरी पेनने मिशा काढल्या होत्या. मला हेवाच वाटला. आपण माणसांचंही हेच करतो. एकदा हार घालून भिंतीवर टांगलं, की त्यांच्याशी बोलायचं थांबतो.

"सुमनताई, किल्ली द्या."

"अहो, पण फाटलं तर?"

"मी येऊन शिवेन. दाभण तेवढं जागेवर ठेवा."

कुलूप गंजलं होतं, खोबरेल घालावं लागलं. मुलीने माझं पुस्तक सोडून नेमकं शेजारचं उचललं आणि पळाली. बरं, तसं तर तसं. माझं मीच काढलं आणि खालच्या फळीवर, त्या मिशीवाल्या राजकन्येशेजारी खोचलं.

कपाट उघडंच ठेवून आले, किल्ली अजून माझ्या पर्समध्येच आहे. सुमनताईंचे दोन फोन येऊन गेले. देणार नाही.