तीन पाण्यांनी धुतलेलं शेवाळ

नेरेइदाच्या हातचा सांकोचो म्हणजे मांस-कंद घालूनही निव्वळ अळणी रस्सा, हे त्या किनाऱ्यावरचं शेंबडं पोरही सांगेल. म्हणूनच तिने शेजारच्या ओब्दुलियाच्या केळीच्या बागेत मीठ घातलं म्हटल्यावर लोक आधी हसले आणि मग हळहळले.

झालं होतं असं. समुद्र दरवर्षी शेवाळ आणून टाकायचा, तपकिरी, गुडघाभर. होड्या अडकायच्या आणि कुजका वास नाकात बसायचा. होड्यांची डागडुजी करणाऱ्या नेरेइदाने एका लोखंडी पिंपात वाळलेलं शेवाळ कोंबलं, झाकण घट्ट बसवलं आणि खाली जाळ लावला. हवाच नाही म्हटल्यावर शेवाळ जळायचं नाही, आतल्या आत भाजायचं. त्यातून निघालेला गॅस नळीने पिंपाखाली येऊन पेटायचा, आणि पिंपाच्या झाकणावर कॉफीही उकळायची. नळीत साचलेलं काळं तेल दुसऱ्या दिवशीच्या जाळाला, आणि उरलेला कोळसा मातीत. त्याने केळी जोम धरते, असं तिच्या कानावर आलं होतं. पहिली दोन पोती तिने मोठ्या मनाने ओब्दुलियाला दिली. बाप्तिस्म्याच्या वेळी नेरेइदाच्या लेकीला ओब्दुलियाने धर्ममाता म्हणून हातांवर घेतलं होतं. तेव्हापासून दोघी एकमेकींच्या कोमाद्रे, बहिणींहून जवळच्या.

शेवाळ धुवायचं तेवढं राहिलं. समुद्राचं सगळं मीठ कोळशात राहिलं आणि महिन्याभरात ओब्दुलियाची तीस झाडं करपली.

सव्वा वर्ष ओब्दुलियाने अबोला धरला. नेरेइदा समोर दिसली की ती काखेतल्या कोंबडीशी बोलायची, "काय गं, आज कुणाचं वाटोळं करायचंय?" नेरेइदा हसण्यावारी न्यायची आणि घरात जाऊन रडायची. कोमाद्रेशिवाय तिला कॉफीसुद्धा गोड लागत नव्हती.

पण बाई हट्टाची. शेवाळ ती तीनदा पावसाच्या पाण्यात धुऊ लागली आणि भाजून झाल्यावर कोळशाची चिमूट जिभेवर ठेवू लागली. खारट लागला की अख्खा घाणा पुन्हा पाण्यात. पसंत पडलेला कोळसा घालून तिने मुद्दाम कुंपणाला लागूनच पाच केळी लावल्या, पलीकडून नीट दिसतील अशा.

घड लागले, तशी एका सकाळी ओब्दुलिया कोंबडी काखेत घेऊन थेट नेरेइदाच्या अंगणात आली.

"सांग गं तिला," ती कोंबडीला म्हणाली, "चिमूटभर दे म्हणावं."

कोळशाने काळं झालेलं तोंड घेऊन बसलेल्या नेरेइदाने कोळसा पुढे केला. ओब्दुलियाने तो जिभेवर ठेवला, डोळे मिटले, चघळला. मग कोंबडी खाली सोडली आणि नेरेइदाकडे बघितलं.

"अळणी आहे. अगदी तुझ्या सांकोचोसारखा."

नेरेइदाला हसू आणि रडू एकदमच आलं. "कोमाद्रे, किती पोती देऊ?"

"चार. पण आधी त्या पिंपावर कॉफी ठेव. आणि साखर मी घालते, तू हात लावू नकोस."