निळ्या मुठीचा चिमटा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून मी एरवी फक्त चोरून खाल्लेलं गोड लपवतो.

अंबडला माझं छोटं वर्कशॉप आहे. दुर्बिणीच्या ऑपरेशनचे लांब दांड्याचे चिमटे मी दुरुस्त करतो. एकदा एक सर्जन मॅडम पित्ताशय धरायचा चिमटा घेऊन आल्या. त्यांचा हात लहान, चिमट्याची मूठ पुरुषी पंजाच्या मापाची. दोन-तीन पित्ताशयं काढली की अंगठा ठणकायचा. "भाऊ, मूठ माझ्या हाताची करून द्या," एवढंच म्हणाल्या.

मी हो म्हणालो. हो म्हणायला काय जातं? पण ऐन द्राक्षाचा सीझन, फवारणीचे नोझल घेऊन बागायतदार दारात उभे. चिमटा राहूनच गेला — आणि मॅडमचा फोन, संध्याकाळी न्यायला येते!

मग मी काय केलं? सांगतो, सांगतोच आहे — तेल घातलं. मुठीवर पातळ निळं रबर चढवलं. बस्स. मापात केसाचाही फरक नाही.

मॅडमनी तो दोनदा उघडून-मिटून पाहिला. "काय हलका केलाय हो!" तेव्हाच बोलायला हवं होतं. मी मान खाली घातली; त्यांना तो विनय वाटला. पुढे त्या चिमट्यासाठी सर्जन मंडळींनी माझा सत्कार केला. शाल बायको अजून पाहुण्यांना दाखवते. सत्काराच्या नारळाच्या वड्या मीच संपवल्या.

मग माझ्याच पित्ताशयात खडे निघाले. टेबलावर आडवा झालो, तर शेजारच्या ट्रॉलीत निळी मूठ! "तुमच्याच चिमट्यानं काढते, भाऊ." भूल देताना लोकांना देव आठवतो. मला रबर आठवलं — सटकलं तर?

नाही सटकलं. दुसऱ्या दिवशी खड्यांची बाटली माझ्या हातात देऊन मॅडम अंगठा चोळू लागल्या. "चिमटा उत्तमच आहे हो. माझंच वय झालं," म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बरा झाल्यावर पंधरा दिवस खपून खरा चिमटा बनवला. लहान मूठ, अंगठ्याचं कडं जवळ — मॅडमच्या हाताचा. आठवड्यानं त्यांनी तो परत आणला, सोबत जुनाही.

"राग मानू नका, भाऊ, पण पहिल्याची सर नाही याला."

आता तरी खरं बोललो? छे. मी नवा चिमटा कपाटात टाकला, जुन्यावर नवं निळं रबर चढवून दिलं. मॅडम खूश झाल्या आणि अंगठा चोळत गाडीकडे गेल्या.